पहिला ब्लीन, अस्वलाची मदत आणि कूझ्माची आई : रशियन वाक्प्रचार इंग्रजीत न्यायचे कसे?

शब्दखेकडा

नमस्कार मंडळी,

रशियन शिकलो ते रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. आता पोट भरतं ते रशियन मालिकांच्या इंग्रजी सबटायटलांवर. व्याकरणाची भीती कधीच गेली, कोश हाताशी असतात. घोडं पेंड खातं ते वाक्प्रचारांपाशी.

सध्या अडलंय ते सांगतो. नात नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत आपटी खाऊन घरी येते. आजी भांडी घासतेय. मान न वळवता म्हणते, "नू, प्येर्वी ब्लीन कोमम." म्हणजे पहिल्या ब्लीनचा गोळाच होतो. ब्लीन हे त्यांचं पातळ धिरडं. आपल्याकडे बिडाच्या तव्यावर पहिलं घावन चिकटतं, उलथन्याने खरवडून त्याचा चेंदामेंदा होतो आणि तो कुणीतरी निमूटपणे स्वतःच्या ताटात वाढून घेतं, तसंच. त्यावर कुणी चर्चा करत नाही. पुढचं घालायला घेतात.

मी लिहिलं, "वेल, फर्स्ट वन नेव्हर काउंट्स." तपासणाऱ्याचा शेरा आला की मूळ म्हण आहे, तेव्हा इंग्रजीतही म्हणच हवी. त्याने सुचवलेली ओळ : "इफ अ‍ॅट फर्स्ट यू डोन्ट सक्सीड, ट्राय, ट्राय अगेन." आता ही ओळ त्या आजीच्या तोंडी घालून बघा. ती नातीला उपदेश करत नाहीये हो. 'चालायचंच, जेवायला बस' एवढंच तिला म्हणायचंय. शिवाय ओळीला साधारण 42 अक्षरं आणि ओळी दोनच, ही आमच्या धंद्याची चौकट. सुविचार त्या चौकटीत मावतही नाही.

माझं म्हणणं असं की 'म्हणीला म्हण' हा हिशोबच खोटा. बोलणारा त्या वाक्प्रचारातून काय करतोय ते आधी बघावं. समजूत काढतोय, टोमणा मारतोय, की हात झटकतोय? तेच काम इंग्रजीत साधं वाक्य करत असेल तर साधं वाक्य ठेवावं. ज्यांची जोडी आयती मिळते त्यांच्याबद्दल तक्रार नाही. रशियन माणूस माशीचा हत्ती करतो, इंग्रज चिचुंदरीच्या उकिराचा डोंगर, आपण राईचा पर्वत. मिटलं. बाकीच्यांचं काय करता?

अर्धा_कप_चहा

मी पयली! ब्लीनसाठी 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' चालेल की. (मला रशियन येत नाही, पण मत आहे.)

शब्दखेकडा

ताई, मत असू द्या, पण इथे नको. पहिल्या घासाला माशी पडणं हा अपशकुन झाला, त्यात कपाळाला हात आहे. ब्लीनमध्ये दिलासा आहे. पहिला बिघडतो तो तवा तापला नव्हता म्हणून, पुढचे चांगलेच होणार हे त्यात गृहीत आहे. दोन्हीत पहिल्यांदा काहीतरी फसतं, साम्य एवढंच.

खडूस_काका

मला हे 'नैसर्गिक इंग्रजी'चं कौतुक कळत नाही. रशियन माणूस रशियनच वाटला पाहिजे. "द फर्स्ट पॅनकेक इज ऑल्वेज लम्पी" लिहा, प्रेक्षक मूर्ख नसतो, त्याला कळतं. कादंबरीकार नाबोकोव्हने 1964 साली पुश्किनची पद्यकादंबरी 'ओनेगिन' हट्टाने शब्दाला शब्द लावून इंग्रजीत आणली, त्यापायी समीक्षक एडमंड विल्सनसारख्या मित्राशी जाहीर भांडण ओढवून घेतलं, पण मागे हटला नाही. आणि रेगनचं 'ट्रस्ट, बट व्हेरिफाय' विसरलात? "दोव्येर्याय, नो प्रव्येर्याय" ही रशियन म्हण सुझान मॅसी या लेखिकेने त्याला शिकवली. 8 डिसेंबर 1987 ला क्षेपणास्त्र कराराच्या वेळी त्याने ती व्हाइट हाउसमध्ये पुन्हा ऐकवली, तेव्हा गोर्बाचेव्ह हसून म्हणाला की तुम्ही प्रत्येक भेटीत हेच म्हणता. शब्दशः भाषांतर, आणि आज ती इंग्रजीतलीच म्हण झाली आहे. बोला.

शब्दखेकडा

काका, ती टिकली कारण तिच्यात धिरडं नाही, अस्वल नाही, कुणाची आई नाही. दोन क्रियापदं आणि एक 'पण'. अशा म्हणी शब्दशः न्यायला कुणाचीच हरकत नसते. (यमक मात्र वाटेत सांडलं. रशियनमध्ये ती झकास वाजते.)

आणि नाबोकोव्हने सोबत टीपांचे अख्खे खंड जोडले होते. मला दोन सेकंद मिळतात.

गोदाकाठचा

धागा वाचून राहवलं नाही, नाहीतर मी वाचनमात्र माणूस. मिग आणि सुखोईंच्या कृपेने आमच्या नाशिककडे रशियन जाणणाऱ्यांना काम मिळत गेलं. मीही त्यातलाच एक. एका कारखान्यात रशियन तज्ज्ञ आणि आपले इंजिनियर यांच्यामध्ये तोंडी दुभाषेगिरी केली. तिथे कोश उघडायला वेळ नसतो, दोन्हीकडचे तुमच्या तोंडाकडे बघत उभे असतात.

खडूसकाकांसाठी आधी इतिहास. 18 नोव्हेंबर 1956, मॉस्को, पोलंडच्या वकिलातीतला समारंभ. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह पाश्चात्त्य राजदूतांना उद्देशून म्हणाला, "मी वास पखारोनिम." (तिकडे 'मी' म्हणजे आम्ही.) दुभाषा व्हिक्टर सुखोद्रेव्ह, मोठा कसलेला माणूस. त्याने सांगितलं, "वी विल बरी यू." राजदूत उठून चालते झाले आणि अमेरिकेत वर्षानुवर्षं ते वाक्य अणुयुद्धाची धमकी म्हणून गाजलं. शब्दांत चूक एकही नाही बरं का! पण रशियन बोलीत त्याचा रोख 'आम्ही तुमच्या मागे उरू, तुमच्या मयताला खांदा देऊ' असाही असतो, आणि मागे मार्क्सचं ते वाक्य उभं की भांडवलशाही आपली कबर खोदणारे स्वतःच निर्माण करते. ख्रुश्चेव्हलाच पुढे 1963 मध्ये युगोस्लाव्हियात खुलासा करावा लागला की आम्ही काही फावडं घेऊन तुम्हाला पुरणार नाही, तुमचाच कामगारवर्ग ते काम करील.

मराठीत 'तुमच्या तेराव्याचं जेवूनच जाऊ' म्हटलं असतं तर अपमान पुरेपूर पोचला असता आणि बॉम्बची भीतीही वाटली नसती. इंग्रजीत 'वी विल आउटलिव्ह यू' एवढ्यावर भागलं असतं. अर्थात हे आज घरी पंख्याखाली बसून सुचतं. समोर ख्रुश्चेव्ह टेबल ठोकत असताना सुचलं असतं का, सांगता येत नाही.

खडूस_काका

बूट आपटल्याची गोष्ट 1960 ची, संयुक्त राष्ट्रांतली. उगाच मिसळू नका. बाकी प्रतिसाद माहितीपूर्ण.

गोदाकाठचा

टेबल अलंकारिक होतं काका.

दुसरा किस्सा त्याचाच. 1959 च्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या सोकोल्निकी बागेत अमेरिकेचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे निक्सनशी वाद घालताना हा म्हणाला, आम्ही तुम्हाला कूझ्माची आई दाखवू. "कूझ्किना मात्य." दुभाष्याने आईसकट ती इंग्रजीत नेली आणि अमेरिकनांना कळेना की ही बाई कोण आणि तिला आपण का भेटायचं. अर्थ साधा आहे, 'आमचा इंगा दाखवतो.' पुढे 30 ऑक्टोबर 1961 ला आर्क्टिकमधल्या नोवाया झेम्ल्या बेटांवर जो सुमारे 50 मेगाटनचा बॉम्ब फोडला, त्याला हेच टोपणनाव चिकटलं.

अर्धा_कप_चहा

खिक्क! 'इंगा दाखवणे' एकदम फिट्ट. काका, कारखान्यातलं सांगा ना. इतिहास खूप झाला.

गोदाकाठचा

सांगतो.

एकदा चाचणीच्या मांडणीत वायरींचा एक जुडगा तात्पुरता बांधून ठेवला होता. त्यांचा म्हातारा तंत्रज्ञ आला, बोटाने जुडगा हलवला आणि भडकला, "एता ना साप्ल्याख!" शब्दशः : हे शेंबडावर चिकटवलंय. कोशात पाहिलं तर 'हँगिंग बाय अ थ्रेड'. पण त्या धाग्यात जिवावर बेतल्याची भावना आहे, निष्काळजीपणाचा राग नाही. मी एवढंच म्हणालो, "दिस इज नॉट फिक्स्ड. दिस इज जस्ट स्टक ऑन." शब्द साधे ठेवले, आवाज मात्र म्हाताऱ्याचा चढवला. आपल्या पोरांना नेमकं कळलं, दहा मिनिटांत क्लॅम्प बसले.

तोंडी कामाचा हा फायदा, खेकडेराव. वाक्प्रचारातला रंग आवाजात टाकता येतो. तुम्हाला तर नटाचा मूळ आवाज फुकट मिळतो, खाली लिहिलेलं सपाट असलं तरी चिडचिड वरून ऐकू येतेच. पुस्तक भाषांतरणाऱ्याला हे नाही, म्हणून त्याचा प्रश्न जास्त अवघड.

दुसरा शब्द त्यांच्या आवडीचा, "म्येतद नाऊच्नवा तिका." शास्त्रीय टोचाटोचीची पद्धत. म्हणजे कळत काहीच नाही, बटणं दाबून बघतोय, पण नाव भारदस्त. 'ट्रायल अँड एरर' म्हटलं की गंमत मेली, कारण तो खराच शास्त्रीय शब्द आहे. मी म्हणायचो, "बाय व्हेरी सायंटिफिक पोकिंग अराउंड." हसायचे. इथे चित्र राखलं, कारण चित्र हाच विनोद होता.

'स्पूस्त्या रुकावा' मात्र सोडून दिला. म्हणजे बाह्या खाली सोडून, निष्काळजीपणे. जुन्या रशियन अंगरख्यांच्या बाह्या हातांच्या खाली लोंबायच्या, त्या तशाच ठेवून काम काय होणार! इंग्रजीत बाह्या सरसावतात, पण खाली सोडत नाहीत. अर्धं चित्र आहे आणि अर्धं नाही, अशा वेळी मोह फार होतो. मी सरळ 'केअरलेसली' म्हणायचो.

पोथीवाला

रोचक धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

भर घालतो. रशियनमध्ये 'मेद्व्येझ्या उस्लूगा' आहे, अस्वलाची मदत. क्रिलोव्हच्या (1769–1844) पद्यकथेतून ती रूढ झाली. एकांतवासी माणूस झोपलाय, त्याचं मित्र अस्वल माश्या हाकतंय. एक माशी कपाळावरून हटेना, म्हणून अस्वलाने धोंडा उचलला आणि नेम धरून घातला. माशी मेली, मित्रही मेला.

ओळखीची वाटली ना? पंचतंत्रातला राजा, त्याचा लाडका वानर, माशी आणि तलवार. क्रिलोव्हच्या आधी फ्रेंचमध्ये ला फोंतेनने ही अस्वलाची गोष्ट सांगितली होती आणि आपल्या दुसऱ्या संग्रहात (1678) तो 'पिल्पे' या हिंदी ऋषीचं ऋण मोकळेपणी मान्य करतो. पिल्पे म्हणजे बिदपाई, म्हणजे फार्सी-अरबी वाटेने गेलेलं आपलंच पंचतंत्र. क्रिलोव्ह म्हणतो की मदतीला धावणारा मूर्ख शत्रूपेक्षा घातक. आणि आपल्याकडे :

पण्डितोऽपि वरं शत्रुर्न मूर्खो हितकारकः।
वानरेण हतो राजा विप्राश्चौरेण रक्षिताः॥

आता सांगा, इंग्रजीत काय लिहाल? कोश 'डिसर्व्हिस' म्हणतात.

शब्दखेकडा

दंडवत, पोथीवाले!

'डिसर्व्हिस' मला पटत नाही. त्यात नुकसान आहे, पण प्रेम नाही. शत्रूही डिसर्व्हिस करू शकतो, अस्वल मात्र मित्रच असावं लागतं. मी असं लिहितो, "यू मेन्ट वेल. यू मेड इट वर्स." दोन तुकडे, पहिल्यात भाव, दुसऱ्यात धोंडा. म्हण नाही, प्राणी नाही, तरी गोष्ट सगळी आली.

कझानची_पाहुणी

मी रशियात कझानला वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या होस्टेलात अर्धा मजला मराठी.

परीक्षेला निघालं की इथे म्हणतात, "नी पूखा नी पेरा." ना लव, ना पीस. शिकाऱ्यांचं बोलणं ते, उलटं बोलायचं म्हणजे नजर लागत नाही. आणि उत्तर द्यायचं, "क चोर्तू!" म्हणजे जा सैतानाकडे! 'थँक्यू' म्हटलं तर लोक अक्षरशः कळवळतात, आता तू नापास होणार म्हणून. होस्टेलच्या आजी (मजल्याची राखण करतात त्या) पहिल्या वर्षी दारापर्यंत मागे आल्या होत्या, माझ्याकडून 'क चोर्तू' वदवून घ्यायला. घरच्यांना सांगितलं तर आईचा विश्वास बसेना की मोठ्या माणसाला असं तोंडावर म्हणायचं.

याचं इंग्रजी? 'ब्रेक अ लेग' सगळे सांगतात. अस्थिरोगाच्या पेपरला जाताना?

शब्दखेकडा

'ब्रेक अ लेग' नाटकवाल्यांचं, रंगमंचाबाहेर ते उसनं वाटतं. आणि खरी अडचण उत्तराची आहे. 'गुड लक' लिहिलं की समोरचा सैतानाकडे का पाठवतो ते कळत नाही. मी जोडी अशी केली होती, "गुड लक!" "डोन्ट जिंक्स इट!" सैतान गेला, पण नजर लागण्याची भीती राहिली. ती राहिली की बास.

खडूस_काका

हे चांगलं जमलंय. कबूल करायला त्रास होतो, पण चांगलं जमलंय.

कझानची_पाहुणी

आणखी एक, मेसमधलं. "सूप आहे का?" विचारलं तर वाढणारी बाई म्हणते, "दा न्येत, नाव्येर्नये." हो नाही बहुतेक! पहिल्या हिवाळ्यात मी ताट धरून तशीच उभी. हो की नाही की बहुतेक? अर्थ असतो 'नसावं बहुधा'. सुरुवातीचा 'दा' नुसता बोलायला तोंड उघडण्यापुरता. इंग्रजीत 'प्रॉबेब्ली नॉट' म्हटलं की तिन्ही शब्द गुंडाळले जातात.

अर्धा_कप_चहा

आमच्या ऑफिसात साहेब "हो, नाही म्हणजे, बघू" म्हणतात, तेच हे. अर्थही तोच :)

खेकडेदादा, एक शंका. आता यंत्र क्षणात भाषांतर करतं. मग ही डोकेफोड कशाला?

शब्दखेकडा

कोशात आहे तेवढं यंत्र बरं करतं. 'कानांवर शेवया टांगणे', म्हणजे "वेशात् लाप्शू ना ऊशी", म्हणजे थापा मारणे, हे त्याला आता पाठ आहे. पण खरी माणसं कोशासारखी बोलत नाहीत. मालिकेत बाई नवऱ्याला म्हणते, "लाप्शू सन्यामी." शेवया काढ. एवढंच. वर काय, कुठल्या शेवया, काही नाही.

किंवा अर्धी म्हण. "बाबा स वोझू..." आणि पुढे नुसतं हात उडवणं. पूर्ण म्हण अशी की बाई गाडीवरून उतरली, घोडीचं ओझं हलकं झालं. आपण 'सुंठीवाचून खोकला' म्हणून थांबतो ना, तसं. कच्च्या भाषांतरात मला मिळालं, "द वूमन इज ऑफ द कार्ट." प्रसंग असा की भागीदार धंदा सोडून गेलाय आणि तो पुरुष आहे! मी लिहिलं, "वेल, दॅट सॉल्व्ह्ज दॅट."

आणि 'ब्लीन' नुसताच, शिवीऐवजी. बस चुकली की "ब्लीन!" त्याला 'पॅनकेक!' लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तिथे 'डॅम', आणि समोर लहान मूल असेल तर 'शूट'.

पोथीवाला

मराठी मधे ठेवून काम होतं का? म्हणजे रशियन, मग मराठी, मग इंग्रजी?

शब्दखेकडा

डोक्यात आपोआप होतंच, आणि पुष्कळदा फायद्याचंही असतं. "ना वोर्ये शाप्का गारीत", चोराच्या डोक्यावरची टोपी जळतेय. भर बाजारात कुणीतरी ओरडलं आणि चोराचा हात टोपीकडे गेला. इंग्रजी कोश 'गिल्टी कॉन्शन्स' वगैरे सांगतो. माझ्या मनात आधी 'चोराच्या मनात चांदणं' आलं, म्हणून नेमकं कळलं की इथे कुणीतरी न विचारताच स्वतःला उघडं पाडलंय. मग इंग्रजी सुचलं, "फनी. नोबडी मेन्शन्ड यू." मराठी नसती तर त्या कोशातच अडकलो असतो.

पण कधी कधी मराठी गोत्यातही आणते. 'कुत्रा खाल्ला' म्हणजे "साबाकू स्येल", म्हणजे एखाद्या कामात मुरलेला, विषय कोळून प्यायलेला. मराठी कानाला ते किळसवाणं वाटतं, तिकडे ते कौतुक आहे.

कझानची_पाहुणी

आणि मीठ! "पूद सोली" सोबत खाल्लं, असं इथे जुन्या मित्रांबद्दल म्हणतात. मला वाटलं 'खाल्ल्या मिठाला जागणे', इमानाची गोष्ट. तसं अजिबात नाही. पूद म्हणजे 16 किलोच्या वर. एवढं मीठ दोघांत संपायला किती वर्षं लागतील, तेवढी ओळख. उपकार, इमान काही नाही.

शब्दखेकडा

अगदी बरोबर. तिथे मी "वी गो बॅक अ लाँग वे" लिहितो आणि पुढे जातो. वाक्य नकारार्थी असेल, 'त्याच्याबरोबर अजून पूदभर मीठ कुठे खाल्लंय', तर "आय हार्डली नो हिम." मात्र पात्र स्वतः त्या मिठावर कोटी करत असेल तर मीठ ठेवावंच लागतं.

खडूस_काका

म्हणजे शेवटी माझंच खरं. ठेवावं लागतं.

शब्दखेकडा

कोटी असेल तर, काका. कोटी असेल तर.

गोदाकाठचा

'आवोस' राहिलं. 'होईल कसंतरी, देव बघेल' असा अख्खा स्वभाव त्या एका शब्दात आहे. क्लॅम्प न बसवण्यामागेही तेच असतं. आमचे लोक त्याला 'चलता है' म्हणायचे आणि रशियन मान डोलवायचे, दुभाष्याची गरजच पडायची नाही. इंग्रजी आजतागायत मला सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर टाका, नाहीतर वेगळा धागा काढा, इथे आधीच धाग्याचं काश्मीर होत आलंय, संपता संपत नाही.